भाताचा नवस

माझ्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी होती. बोईसरच्या त्या जिन्याने वर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो शब्द वाचता यायचा नाही आणि उरलेल्यांना कळायचा नाही. खाली औषधांचं दुकान, शेजारी दातांचे डॉक्टर. त्यामुळे दाढ धरून माझ्याकडे शिरणारेही पुष्कळ. "या मन बघतात," असं कंपाउंडर त्यांना सांगायचा आणि ते दाढ धरूनच घाईघाईने बाहेर पडायचे. मन दाखवण्यापेक्षा दाढ उपटलेली परवडली, असा चेहरा करून.

आता मी ते काम जवळजवळ थांबवलं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "व्यवसायातल्या गमतीजमती लिहा" असं कळवलं, तेव्हा मी कितीतरी दिवस गमती आठवत बसले. दाढवाल्यांच्या पलीकडे फारसं काही सापडलं नाही. जे सापडलं ते दिवाळीत वाचण्यासारखं नाही, पण लिहायचं तर तेच लिहायला हवं.

माझ्याकडे येणाऱ्यांत एक प्रकार असा होता की ज्यांचं अन्नाशी भांडण आहे. काही खात नाहीत. काही खातात, पण पोटात ठेवत नाहीत. काही लपून खातात आणि मग दिवसभर तोंड लपवतात. ही सगळी माणसं हाडकुळी असतात हाही एक गैरसमज. चांगल्या भरल्या अंगाची माणसंही या आजाराने पोखरलेली मी पाहिली आहेत. एकदा पालघरच्या एका सभेत मी हे सांगितलं तर पुढच्या रांगेतले एक साहेब हसले. म्हणाले, "बाई, आपल्या जिल्ह्यात डोंगराकडची पोरं अन्नाला महाग आहेत, आणि तुम्ही भरल्या ताटावर रुसणाऱ्यांची औषधं करता? मुंबईला जा, तिकडे चालेल हे." मला राग आला. घरी येताना मात्र वाटलं, त्यांचं अर्धं खरं आहे. डोंगरातल्या पोरापुढे अन्न ठेवलं की ते खातं. माझ्या माणसांपुढे अन्न ठेवलं की ती घाबरतात. सुकतात दोघंही सारखीच. हे त्या साहेबांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण मला उत्तरं नेहमी बसस्टँडवर सुचतात.

लोकांना वाटायचं, मी आहार सांगते. "वजन वाढायचं टॉनिक द्या" अशी मागणी नेहमीची. टॉनिक माझ्याकडे नव्हतं. रक्त, हृदय, मीठ-पाणी हे बघायला वेगळे डॉक्टर होते, आणि त्यांनी तपासल्याशिवाय मी कोणाला हात लावत नसे, कारण हा आजार जीव घेतो. माझं काम ऐकण्याचं. म्हणजे पेशंट मला काय सांगतो ते नव्हे, तो स्वतःला काय सांगतो ते. मनातल्या मनात आपण सगळेच बोलतो. 'अगं, किल्ली विसरलीस ना वेंधळे' वगैरे. या माणसांच्या मनातलं बोलणं मात्र जेवणाच्या वेळी सुरू होतं आणि मग थांबतच नाही. ते भास नव्हेत, बाहेरून आवाज येत नाही. बोलणारा त्यांच्यातलाच असतो, त्यांची सगळी दुखरी ठिकाणं ठाऊक असलेला. आणि वाईट हे, की तो जे बोलतो ते त्यांना आजार वाटत नाही, खरं वाटतं.

सालवडच्या एका चाळीत राहणारा, कंपनीत पाळीवर काम करणारा एक उत्तरेकडचा तरुण आठवतो. खोलीत सोबत राहणाऱ्या मित्राने त्याला गॅसचा त्रास म्हणून डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. मी विचारलं, जेवण झाल्यावर स्वतःशी काय बोलता?

"मैं किसी से ज्यादा बात नहीं करता, मैडम."

"दुसऱ्यांशी नाही. अपने आप से."

तो म्हणाला, "एक ही शब्द बोलता हूँ. सूअर." आपलं नाव सांगावं तितक्या सहज.

मी विचारलं, तुमच्या मित्राला असं म्हणाल का? तो दचकला. "उसको क्यों बोलूँगा? वो तो भला आदमी है."

तो थोडे दिवस आला. मग कंत्राट संपलं आणि तो गावाला गेला. पुढे काय झालं मला माहीत नाही. या धंद्यात पुष्कळ गोष्टींना शेवट नसतो, आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही.

ज्या मुलीबद्दल मला खरं सांगायचं आहे तिला हर्षदा म्हणू. नाव तिचं नाही, घरचे तपशील मी थोडे इकडेतिकडे केले आहेत. पण लिहायची परवानगी तिची आहे. खरं तर आग्रहच तिचा आहे.

केळव्याच्या बाजूला त्यांची वाडी. नारळ, सुपारी, मधे पानवेली. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात तेव्हा पडवीत पंगती बसतात. हर्षदाची आई सुरेखाताई. तिच्या हाताची ख्याती अशी की काही लोक समुद्राकडे न फिरकता जेवून परत जात. हर्षदा लहानपणापासून वाढायला. पाहुण्या बायका तिच्या मनगटाकडे कौतुकाने बघत म्हणायच्या, "किती छान मेंटेन केलंयस गं." घरात कोणाच्या काही लक्षात आलं नाही, याचं मला सुरुवातीला नवल वाटलं. मग वाटेनासं झालं. आपल्याकडे वाढणारी शेवटी जेवते, आणि शेवटी जेवणारीच्या पानात काय पडलं हे कोणी बघायला जात नाही. पालघरच्या कॉलेजात ती वर्गात कोसळली तेव्हा ते बाहेर आलं.

सुरेखाताई पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसली ती खाली मान घालून. अपमान झालेल्या माणसासारखी. म्हणाली, "म्याडम, परकी माणसं माझ्या हातचं बोटं चाटून खातात. माझी पोर खात नाय. मी काय वाईट रांधते काय?"

मी म्हटलं, "तुमच्या रांधण्याचा संबंध नाही, सुरेखाताई."

"मंग कशाचा हाय?"

हे एका दिवसात सांगण्यासारखं नव्हतं.

माझ्या खोलीत पेशंटसाठी दोन खुर्च्या असत. एकीवर माणसाने स्वतः म्हणून बसायचं. दुसरीवर बसून आतला तो बोलणारा जे बोलतो ते मोठ्याने बोलून दाखवायचं. आतलं बोलणं बाहेर काढलं, कानाने ऐकलं, की पहिल्यांदा कळतं की हे कोणीतरी बोलतंय, आणि त्याला उत्तर देता येईल. शिकलेली माणसं या प्रकाराला हसतात, लाजतात. हर्षदा हसली नाही. दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत शांतपणे म्हणाली, "तुझं काम वाढायचं. पान मांडून बसायची तुझी लायकी नाही. बसलीस तर सगळे बघतील, किती खाते ते."

मी या कामात मुरलेली बाई, पण तिच्या आवाजातला तो शांतपणा ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. विशीतली पोर. कुणाचं काही वाईट न केलेली.

मी तिला त्या आवाजाशी वाद घालायला शिकवलं नाही. वजनावर, ताटावर वाद घातला की तोच जिंकतो, त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. आम्ही एक लहानसं वाक्य ठरवलं. "ऐकलं. आता मी जेवते." एवढंच म्हणायचं आणि घास घ्यायचा. तो ओरडत राहील, राहू दे. घरी मी सांगितलं, ही शेवटी जेवणार नाही, पाहुण्यांच्या आधी आईबरोबर बसेल. आणि तिच्या पानाकडे टक लावून बघायचं नाही, दुसरं काहीतरी बोलायचं. सुरेखाताईने ते प्रामाणिकपणे पाळलं. मायलेकी बसायच्या आणि सुरेखाताई पानवेलींवर पडलेल्या रोगाबद्दल बोलत राहायची. हर्षदा सांगायची, "आता मला वेलींचे सगळे रोग पाठ झालेत." ती हसली तेव्हा तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले. काही महिने असे गेले. फार नाही, पण भात पोटात राहू लागला होता. मी मनात खूश होते. जरा जास्तच.

मग एकाएकी घसरण सुरू झाली. डॉक्टरांनी फोन केला की रक्ताचा रिपोर्ट चांगला नाही. हर्षदा आली ती चेहरा बंद करून. मी तिला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, आता तो काय म्हणतोय?

ती म्हणाली, "आईचं पण तूच खाल्लंस."

मला काही कळलं नाही. खोदून विचारलं तेव्हा आलं बाहेर. आई रोज तिच्याबरोबर बसत होती, बोलत होती, पण आईच्या पानात भात नव्हता. आधी हर्षदाला वाटलं, साखर वाढली असेल. मग मावशीच्या तोंडून निसटलं. सुरेखाताईने गावदेवीला नवस बोलला होता. लेक पंगतीत बसून पोटभर जेवेल त्या दिवशी मी भात खाईन, तोवर भाताला शिवणार नाही.

घाटावरच्या वाचकांना यात विशेष वाटणार नाही म्हणून सांगते. आमच्या किनाऱ्यावर भात सोडणं म्हणजे जेवण सोडणं. भाकरीसुद्धा तांदळाची, म्हणजे तीही गेली. उरते चपाती. ती इथल्या पोटाला जेवण वाटत नाही, चहाबरोबरचं खाणं वाटतं. सुरेखाताई चहा-चपातीवर दिवस काढून पंगतीच्या पंगती रांधत होती. तिचे गाल बसले होते. मी इतके वेळा तिला पाहिलं आणि ते लेकीच्या काळजीच्या नावावर मांडलं.

मी तिला बोलावून घेतलं. "हे कधी बोललात?"

"पयल्यांदाच. ती कॉलेजात पडली ना, तवाच." मग म्हणाली, "त्यानंतरच तुमचा पत्ता गावला, म्याडम."

म्हणजे मीसुद्धा त्या नवसाचंच फळ होते. मी तिला समजावलं की हर्षदाला हे कळलंय. आता तिच्या मनातला तो आवाज तिला सांगतो की आई तुझ्यापायी उपाशी आहे. तुम्ही तिच्यासाठी केलेली गोष्ट तो तिच्याविरुद्ध वापरतोय. सुरेखाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पटलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण ती म्हणाली, "बोललेला नवस मागं कसा घेऊ? मी मोडला तर तो माझ्यावर नाय येणार. पोरीवर येईल. तुमी लिहून देता काय, नाय येणार म्हणून?"

माझा देवावर विश्वास नाही. पण एका आईला 'मोडा, काही होत नाही' असं सांगायची माझी छाती झाली नाही. पोरगी तशीच इतकी अशक्त होती की उद्या काही झालं असतं तर ते नवसावरच गेलं असतं. मी स्वतः उठून गावदेवीच्या गुरवाकडे गेले. माझ्या शिक्षकांनी पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता. गुरव म्हातारा, समजूतदार. म्हणाला, "देवी काय रागवायची नाय. पण बाई घाबरलेली हाय, ती माझं पण ऐकायची नाय. नवसातून सुटायचा तिला ठाऊक असलेला रस्ता एकच. फेडायचा."

आणि हर्षदाने तेच ठरवलं. "मी पंगतीत बसते. पोटभर जेवते. आई सुटेल."

मी म्हटलं, "अजून तुझी तयारी नाही."

"मग ती तोवर काय खाईल?"

आईवरची माया तिला सांगत होती की जेव. आणि तो आवाजही सांगत होता की आईला सोडव, तेवढी तरी लायकी दाखव. दोघं एकच बोलत होते, त्यामुळे यातलं कोण तिच्या तोंडून बोलतंय हे मला ओळखता येईना.

नवस फेडायचा दिवस ठरला. देवीची ओटी भरली, नैवेद्य झाला आणि वाडीत सुपारीच्या सावलीत पंगत बसली. भाऊबंद, शेजारी, सगळा गोतावळा. मलाही मानाने बोलावलं होतं. केळीच्या पानावर भात, वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, खीर. हर्षदाला मधोमध बसवलं. आयुष्यभर वाढत आलेली मुलगी पानावर बसली आणि सगळी पंगत हात थांबवून तिच्याकडे बघू लागली. 'बसलीस तर सगळे बघतील' हे तिचा आवाज तिला सांगत आला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते खरं करून दाखवलं.

ती जेवली. सगळं जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. हसत होती. बायकांनी डोळे पुसले. मग सुरेखाताई तिच्या शेजारी बसली, लेकीने आईच्या पानात स्वतःच्या हाताने भात वाढला आणि त्या बाईने इतक्या महिन्यांनी भाताचा घास तोंडात घातला. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. भूक आणि आनंद एकाच वेळी इतक्या उघडपणे मी कुणाच्या तोंडावर पाहिलेले नाहीत. मी समोर बसले होते, मलाही रडू आलं. डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा हर्षदा जागेवर नव्हती. मागच्या पानवेलींकडून ती परत आली, तोंड धुतलेलं, आणि थेट वाढायला लागली. आमची नजरानजर झाली. तिने खिरीचं भांडं माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "वाढू, म्याडम?"

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मी फोन केला. सुरेखाताईने अतिशय प्रेमाने, केळी-नारळ पाठवते म्हणत, मला कळवलं की आता येणार नाही. "नवस फिटला म्याडम. देवीनं बरी केली. आता परत तुमच्याकडं आणली तर देवीला काय वाटंल? तिनं दिलेलं आमी मानलं नाय, असंच ना?"

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात लोकांनी माझ्याकडे येणं नाना कारणांनी सोडलं. लग्न ठरलं, सासूला कळलं, भगताने गंडा बांधला. पण बरं झाल्याबद्दल देवाचे आभार मानून झालेत म्हणून आजारी राहायची चोरी, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या गावात हर्षदाला आता आजारी असणं शक्य नव्हतं.

काही काळाने ती एकटी आली. कॉलेज सुटल्यावर, घरी न सांगता. ओढणी हिवाळ्यासारखी गुंडाळलेली. मी काही विचारायच्या आत ती सरळ दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "शाबास. सगळ्यांना फसवलंस. देवीला पण."

मग आपल्या खुर्चीवर आली. "म्याडम, तो आता शिव्या देत नाही. कौतुक करतो. शिव्या देत होता तेव्हा भांडता येत होतं. आता गोड बोलतो. मला त्याच्याशिवाय कोणीच राहिलेलं नाही."

मी तिला पाणी दिलं. मग म्हटलं, हे आईला सांगायला हवं. ती नको नको म्हणाली. "आई परत भात सोडेल." तिची भीती खरी होती. पण डॉक्टरांचे रिपोर्ट त्याहून खरे होते आणि ते मी तिच्यापुढे ठेवले. ती सज्ञान होती, तिच्या परवानगीशिवाय मी तोंड उघडू शकत नव्हते. तिने परवानगी देईपर्यंत दोन-तीन भेटी गेल्या. त्या काळात प्रत्येक फोन मी पहिल्याच घंटीला उचलायचे.

शेवटी सुरेखाताई आली. गालांवर मांस आलं होतं, नवी साडी नेसली होती. हर्षदाने सगळं सांगितलं. पानवेलींमागे सगळं ओकून टाकलं तेही. सुरेखाताई ऐकत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे देवी खोटी पडली?"

"देवी नाय आई," हर्षदा म्हणाली. "मी खोटी. मी कधी धड काही केलं नाय. तुझं पण वाटोळं केलं मी."

मी सुरेखाताईला म्हटलं, "ऐकलंत? हाच तो. हाच बोलतो तिच्याशी, दिवसभर, प्रत्येक घासाला. हाच तिचा आजार."

सुरेखाताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला काहीतरी चुकीचं दाखवतेय. "पण म्याडम," ती म्हणाली, "ही तर बारकी असल्यापासनं असंच बोलते. काय सांडलं, कुणाचं बिघडलं, की माझंच चुकलं म्हणायची. आमी चारचौघात सांगायचो, आमची पोर किती गुणाची हाय. कधी कुणाला दोष देत नाय." आणि बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी समजलं. तिने पदर तोंडावर घेतला. हर्षदाने उठून आईला जवळ घेतलं. आजारी कोण आणि धीर कोण देतंय, हे तिथेही उलटंच होतं.

त्यानंतर मुंबईचं रुग्णालय झालं, बरेच दिवस झाले, तिकडची औषधं झाली. जीव वाचला. गावात सांगितलं की मुलगी कॉम्प्युटरच्या कोर्सला गेली आहे. हे खोटं सुरेखाताईने स्वतःच्या अंगावर घेतलं. भात मात्र तिने पुन्हा सोडला नाही, ते एक मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. लेक खावो न खावो, आई तिच्यासमोर भात खाते. मला माहीत आहे, तो प्रत्येक घास तिच्या घशातून कसा उतरत असेल.

हर्षदा माझ्याकडे अजून येते. बाकीचं काम बंद केलं तरी तिच्यासाठी एक वार ठेवला आहे. बरी झाली का, असं विचारलंत तर नाही. चांगले आठवडे असतात, वाईट असतात. तो आवाज आहे तिथेच आहे.

पण तिच्या नवसाची गोष्ट मात्र पसरली. केळव्याकडची एक मुलगी नवसाने जेवायला लागली, हे पार मनोरपर्यंत पोचलं. मध्यंतरी तिकडून एक बाई शोधत शोधत त्यांच्या वाडीवर आली. बरोबर शाळकरी मुलगी, ओढणीत गुंडाळलेली. बाईला विचारायचं होतं की नवस नेमका कोणत्या शब्दांत बोलायचा. तिने भात आधीच सोडला होता. सुरेखाताई ओटीवर बसून राहिली. खरं सांगावं तर देवी खोटी पडते, लेक उघडी पडते. न सांगावं तर समोर ती दुसरी पोर.

हर्षदा पाणी घेऊन बाहेर आली होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "काकी, मी बरी नाय झाले. त्या दिवशी जेवले ते आईसाठी. आईला उपाशी बघून मी जास्त आजारी पडले. तुमी भात खा. हिला डॉक्टरकडं न्या, मी पत्ता देते."

सुरेखाताईकडून हे ऐकताना मला वाटलं, आता ती बाई रडेल, मुलीला घेऊन माझ्याकडे येईल. तसं काही झालं नाही. बाई ताडकन उठली. 'देवीनं दिलेलं नाकारणारी पोर' असं हर्षदाला म्हणाली, असल्यांच्या घरचं पाणीसुद्धा नको म्हणाली, आणि मुलीचा हात धरून निघून गेली. जाताना ती मुलगी मागे वळून हर्षदाकडे बघत होती, एवढं सुरेखाताईने पाहिलं. त्या दोघींचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलेलं नाही. कुठेतरी हा अंक त्या मुलीच्या हाती पडेल, म्हणून हर्षदाने मला हे लिहायला लावलं. मला त्याची फारशी आशा नाही, पण मी तिला तसं बोलले नाही.

त्या आठवड्यात हर्षदा आली तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी तो काय म्हणाला?

"म्हणाला, आणखी एकीला मारलंस."

"मग तू काय केलंस? जेवलीस?"

"नाही. पान वाढलं होतं. घास उचलवला नाही. नेहमीसारखं आईसमोर चार घास खाऊन मागे जाता आलं असतं. गेले नाही. आईला सांगितलं, आज मला जमत नाही."

"आणि आई?"

"तिनं माझं पान झाकून ठेवलं. आणि तिचं ती जेवली."